लुगड्यातले व्याही

रोहिणखेडच्या पुंजाजींनी मिशी काढली त्या सकाळी त्यांच्या म्हशीनं पान्हा चोरला. रोजचाच हात, रोजचीच बादली, पण मान वळवून तिनं जे पाहिलं ते तिला काही पटलं नाही. बायको अन्नपूर्णा चहा घेऊन आली आणि ओसरीतच थबकली. "कोण पाहिजे?" असं तिच्या तोंडून निघूनच गेलं. मग नवऱ्याचे कान ओळखू आले, तशी पदर तोंडाला लावून ती जी आत पळाली ती दुपारपर्यंत समोर आली नाही.

मिशी गेली होती ती सिनेमापायी.

पुंजाजी उभा जन्म टेम्पो चालवत आले. हंगामात कापूस, मग सोयाबीन, लग्नसराईत वऱ्हाड. पण कोणी ओळख विचारली तर टेम्पोचं नाव काढत नसत. "मी नट हाये," म्हणत. ते खोटंही नव्हतं. तरुणपणी गावात नाटक मंडळ होतं. गणपतीत संगीत नाटक बसायचं आणि गावातली एकही बाई स्टेजवर यायला तयार नसल्यामुळे नायिका पुंजाजीच व्हायचे. शालू नेसून ते असे लाजत, की एकदा मलकापूरकडच्या एका पाहुण्यानं पडद्यामागे येऊन स्थळाची चौकशी केली होती. असं पुंजाजी सांगत. मंडळातले बाकीचे सांगत, की पाहुणा काडेपेटी मागायला आला होता.

पुढे घरोघरी टीव्ही आले, मंडळ मोडलं, पेटीचा भाता उंदरांनी खाल्ला. गळा तेवढा राहिला. तो आरतीला उपयोगी पडे, टेम्पोच्या केबिनमध्ये उपयोगी पडे. आणि पोरीच्या लग्नात त्यानंच घात केला.

पोर रेणुका मोताळ्याला दिली. जावई हरिओम शांत माणूस, बियाण्यांच्या दुकानात बसणारा. त्याची आई केसरबाई मात्र शांत या शब्दाच्या वाटेला गेलेली नव्हती. लग्नात पुंजाजींनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणायला घेतली. त्यात दोन्ही घरचे पूर्वज होते, पंचक्रोशीतले देव होते, रेणुकाचा जन्म होता, तिला निघालेल्या गोवराची हकीकत होती, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तान होती. आंतरपाट धरलेल्या मामाचे हात थरथरू लागले. अक्षता घामानं मुठींना चिकटल्या. भटजी घड्याळाकडे पाहून खोकले, मग नुसतेच खोकू लागले. पुंजाजींचे डोळे मिटलेले. शेवटी केसरबाई उठल्या, माइक त्यांच्या हातातून काढून घेतला आणि "शुभमंगल सावधान!" असं स्वतःच ठणकावून टाकलं. बँड सुटला. लग्न लागलं. पुंजाजींचं तोंड तसंच उघडं राहिलं.

त्या दिवसापासून त्यांनी विहिणीच्या घराची पायरी चढली नाही. नात झाली, मंजुश्री नाव ठेवलं, बारशाला अन्नपूर्णाबाईंना सोडायला ते मोताळ्याला गेले, पण गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लावून आतच बसून राहिले. जिलेबीची पुडी टेम्पोत आली. ती त्यांनी खाल्ली, कारण राग विहिणीवर होता, जिलेबीवर नव्हता.

अशात एक दिवस संघर्ष मोटारसायकलवर दारात आला. हा मोताळ्याच्या एका मास्तरांचा मुलगा. पुण्याला सिनेमाचं शिकून आलेला आणि आता आपल्याच बोलीत एक विनोदी सिनेमा काढायच्या खटपटीत. गोष्ट अशी, की एका संगीत नाटक मंडळीतल्या नट्या ऐन प्रयोगाच्या तोंडावर पळून जातात आणि मंडळीतले पुरुष बायका बनून गावोगाव हिंडतात. त्यातल्या चंद्राआत्यासाठी अकोल्याचा नट ठरला होता, त्याला मालिका मिळाली आणि तोही पळाला.

"काका, बाईचा रोल हाये," संघर्ष म्हणाला. "म्हणजे बाई झालेल्या माणसाचा."

"गाणं हाये का त्यात?"

"दोन हायेत."

"अन् मिशी?"

"काढा लागन."

पुंजाजींनी मिशीवरून एकदा हात फिरवला, जणू तिला निरोपच दिला. "काढू," म्हणाले. "अन्नपूर्णा, पाहुण्याले चहा ठेव."

पहिलंच शूटिंग मोताळ्याच्या आठवडी बाजारात होतं. लोकांनी कॅमेऱ्याकडे पाहू नये म्हणून कॅमेरा एका कापडदुकानाच्या गच्चीवर लपवलेला, आणि पुंजाजींच्या पोलक्यात बटणाएवढा माइक. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. काम सोपं. चंद्राआत्यानं बाजारातून जायचं, बांगड्या भरायच्या आणि परत यायचं.

बाजारात शिरल्यावर पुंजाजींना जुनी चाल आठवली. एका भाजीवाल्यानं "या मावशी" म्हटलं तेव्हा तर ते मनातून सुखावले. बांगडीवालीपुढे बसून त्यांनी हात पुढे केला. स्टिअरिंगवर घट्टे पडलेला तो पंजा. बांगडीवालीनं दाबून पाहिला, वळवून पाहिला आणि हात टेकले.

"बाई, हात हाये का फावडं?"

"वावरातलं काम असते बाई," पुंजाजी बारीक आवाजात म्हणाले.

"साबण लाव त्यायच्या हाताले," शेजारून खणखणीत आवाज आला. "अशी ओढशीन तं मनगट मोडशीन त्यायचं."

पुंजाजींनी मान खाली घातली. हा आवाज त्यांनी माइकवरून ऐकला होता. शेजारी केसरबाई बसल्या होत्या, पिशवीतून वांग्यांची देठं बाहेर आलेली.

"कोणत्या गावच्या तुम्ही?"

दुसरं गाव सुचेना. "रोहिणखेड," पुंजाजी बोलून गेले.

"माय वं! मग आमच्या इवायाले ओळखत असान. पुंजाजी टेम्पोवाले?"

"ऐकून हाये," चंद्राआत्या पदर पुढे ओढत म्हणाली. मग राहवेना. "मोठे कलाकार हायेत म्हणतात."

"कलाकार!" केसरबाईंनी वांग्यांची पिशवी खाली आपटली. "लग्नात माइकच सोडे ना तो माणूस. माह्या भावानं आंतरपाट धरला होता, त्याचा खांदा अजून दुखते. मी माइक घेतला तं रुसून बसला. नातीच्या बारशाले आला अन् टेम्पोत बसून जिलेबी खाल्ली! सांगा आता. सून माही गुणाची पोर. सणावाराले भांडे घासता घासता दाराकडे पाहत राह्यते, बाप येईन म्हणून. बोलत नाही, पण मले काय दिसत नाही? लेकरापेक्षा लेकरू हाये तो माणूस."

उत्तर पुंजाजींच्या ओठांवर आलं आणि पोलक्यातल्या माइकच्या आठवणीनं परत गेलं. रेणुकाचं असं काही त्यांच्या कानावर कधी आलं नव्हतं. ती फोनवर नेहमी "सगळं बरं हाये बाबा" म्हणायची. तरी नट तो नटच.

"पण गळा चांगला हाये म्हणतात त्यायचा," त्यांनी हळूच विचारलं.

"गळ्याचं काय विचारता बाई! आमची मंजू त्याच गळ्यावर झोपते. लग्नाची व्हिडिओ लावली, इवायाचं गाणं सुरू झालं, की दुसऱ्या ओळीले लेकरू ढाराढूर."

यावर खुश व्हावं की चिडावं हे पुंजाजींना ठरवता येईना. दोन्ही एकदम झालं, घाम फुटला आणि पावडरचा ओघळ गालावरून हनुवटीकडे निघाला.

"बाई, तुम्हाले तं चक्कर येऊन राह्यली!" केसरबाईंनी त्यांचा दंड धरला. तो दंड पकडीत मावला नाही याचंही त्यांना नवल वाटलं नाही. "उठा. घर इथंच मागं हाये. पाणी प्या, चहा घ्या, मग जा."

पुंजाजींनी गच्चीकडे केविलवाणं पाहिलं. गच्चीवरून संघर्षचा हात दिसला. तो "जा, जा" असं खुणावत होता.

ज्या पायरीवर पाय ठेवणार नव्हते, तिच्यावरून विहिणीनं त्यांना हात धरून आत नेलं. रेणुका पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. तिनं एकदा पाहुणीच्या तोंडाकडे पाहिलं, एकदा लुगड्याखालच्या पायांकडे, आणि खालचा ओठ दातांत धरला. तांब्यातलं पाणी हिंदकळलं.

"घ्या," ती म्हणाली. "आत्याबाई."

"बस त्यायच्यापाशी," केसरबाई म्हणाल्या. "मी चहा ठेवते."

पण तेवढ्यात आत पाळण्यात मंजुश्री उठली आणि तिनं भोकाड पसरलं. केसरबाईंनी सवयीनं फोनवर व्हिडिओ लावला. पुंजाजींचा आवाज घरभर झाला. पूर्वज आले, देव आले. मंजूनं जांभई दिली. गोवराच्या ओळीवर तिचे डोळे मिटले. आणि मग फोनमधून "शुभमंगल सावधान!" असा दणका आला, बँड कडाडला, पोर दचकली आणि दुप्पट जोरानं रडू लागली.

"रोज असंच होते," केसरबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या. "झोपली की माहाच आवाज तिले उठवते. याच्या पुढचं गाणंच नाही ना."

पुढचं गाणं नव्हतं कसं? पुढचं गाणं पुंजाजींच्या पोटात तेव्हापासून पडून होतं. चंद्राआत्या पाळण्याशी गेली. तिनं दोरी धरली आणि स्वतःच्या, पुरुषी, भरदार आवाजात राहिलेलं कडवं म्हणायला लागली. त्या कडव्यात लहानगी रेणुका होती. बापाबरोबर कापसाच्या गाडीत बसायचा हट्ट करणारी, आणि गाव मागं पडायच्या आत कापसात झोपून जाणारी. रेणुका दाराशी ऐकत उभी राहिली. हसू आवरायला तिनं धरलेला पदर मग डोळ्यांना लागला.

मंजू झोपली. पुंजाजींनी तान घेतली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच.

केसरबाईंना उमगायला एक क्षण लागला. मग त्यांनी काय करावं? समोर व्याही उभा म्हटल्यावर त्यांनी रीतीप्रमाणे झटकन डोक्यावरून पदर ओढला. ते पाहून पुंजाजी गोंधळले आणि त्यांनीही आपला पदर ओढला. दोघं एकमेकांसमोर घुंगट घेऊन उभे. रेणुका खाली बसली आणि पोट धरून हसली.

"बसा इवाई," केसरबाई पदराआडून म्हणाल्या. "पण लुगडं नीट घ्या. पोटऱ्या दिसून राह्यल्या."

"मले ज्या शिव्या दिल्या, त्या ऐकल्या मी," पुंजाजी पदराआडून म्हणाले.

"शिव्या कायच्या? तोंडावर बोलली."

"तोंडावरच बोलल्या, ते खरं हाये," पुंजाजींनी कबूल केलं आणि खुर्चीवर बसले.

इतक्यात संघर्ष धापा टाकत दारात आला. पोलक्यातल्या माइकमधून सगळं त्याच्या कानात गेलं होतं. त्यानं केसरबाईंना सगळा प्रकार समजावला. "काकू, तुमचं बोलणं रेकॉर्ड झालं. तुम्ही हो म्हणान तं ठेवतो, नाही तं आत्ता पुसतो."

केसरबाईंनी विचार केला. "माहा चेहरा कसा आला?"

"हिरॉईनसारखा."

"मग ठेव."

"अन् माही परवानगी?" पुंजाजींनी विचारलं. कोणी लक्ष दिलं नाही.

उन्हाळ्यात मोताळ्याच्या एका मंगल कार्यालयात सिनेमा दाखवला. पुंजाजींच्या पहिल्या गाण्याला लोकांनी टाळ्या दिल्या, दुसऱ्याला निम्मे लोक चहाला गेले. पण केसरबाई वांग्यांची पिशवी आपटून बोलायला लागल्या तेव्हा कार्यालयाचे पत्रे हादरले. शिट्ट्या वाजल्या. शेवटी लोकांनी फोटोसाठी गराडा घातला तो केसरबाईंना, आणि पुंजाजी त्यांची पर्स धरून कडेला उभे राहिले.

पुंजाजी दुसऱ्याच दिवशी मोताळ्याला गेले आणि विहिणीला म्हणाले, "तुम्ही अभिनय केलाच नाही. तुम्ही तं नुसत्या बोलल्या."

"अन् लोकायले तेच आवडलं," केसरबाई म्हणाल्या.

पुंजाजींनी अभिनय म्हणजे काय ते सांगायला घेतलं. केसरबाईंनी पीठ मळता मळता प्रत्येक वाक्य मधेच तोडलं. हरिओम दुकानात निघून गेला. जेवणं झाली, भांडी झाली, ऊन उतरलं, तरी वाद चालूच होता. रेणुकानं दोघांपुढे चहा ठेवला आणि ती अंगणात मंजूला घेऊन बसली. आतून बापाचा आवाज चढत होता, सासूचा त्याहून चढत होता, आणि तिला एकाचंही बोलणं थांबवावंसं वाटत नव्हतं.