पाठ फिरवून

अभयारण्यात चाळीस वर्षं पिंजरे सांभाळणाऱ्या तात्यांच्या हातून त्या सकाळी कडी लावायची राहिली आणि तस्करांकडून सोडवलेला राखाडी पोपट थेट निलगिरीच्या शेंड्यावर जाऊन बसला. वर घार घिरट्या घालत होती. खाली सगळे "ये, ये" करून घसा कोरडा करत होते.

"तात्या, तुमचा लाडोबा बहिरा झालाय," प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मग तात्यांना आठवलं, रोज निघताना आपण "येतो रे" म्हटलं की हा "थांब, थांब" करत जाळीला लटकतो. त्यांनी पाठ फिरवली, "येतो रे" म्हणाले आणि मागे न बघता चालू लागले. घारीची सावली त्यांच्या पुढ्यातून सरकली.

"थांब," मागून आवाज आला, आणि खांद्यात नख्या रुतल्या.