छातीतला पुतण्या

माणसांपेक्षा कुत्र्यांवर जास्त विश्वास ठेवणारी अख्ख्या सातपाटीत एकच बाई असेल, आणि ती म्हणजे आमच्या बोईसरच्या कॉलनीत मासळी घेऊन येणारी मावशी. तिच्या घरी गेलं, की ती आधी बोंबील वाळवायच्या जागेवर नेते आणि हात पुढे करायला लावते. तिचे कुत्रे तो हुंगतात, मगच चहा. पहिल्यांदा मी हात मागे घेतला, तर म्हणाली, "एवडी शिकलेली पोर, आनि वळख करून घ्यायला लाजतेस?" एवढा बंदोबस्त असूनही एकदा टोपलीभर सुके बोंबील गेलेच. नेणारा तिचा सख्खा पुतण्या होता आणि कुत्रे शेपट्या हलवत त्याला रस्त्यापर्यंत पोचवून आले होते.

म्हणूनच तिच्या फुफ्फुसात कॅन्सरची गाठ निघाली, तेव्हा ते तिला समजावणं सोपं गेलं. रिपोर्ट इंग्रजीत, त्यामुळे डॉक्टरांशी बोलायला ती मलाच बोलावते. मी हळू आवाजात सांगितलं, की शरीरात राखण करणाऱ्या पेशी असतात. पण गाठ आपल्याच पेशींची असते, ती 'मी घरचीच' अशी खूण दाखवते आणि राखणदार गप्प बसतात. सलाईनमधून जे औषध देणार, ते ही खूण चालू देत नाही. मावशीने मांडीवर थाप मारली. "म्हंजे माजा पुतण्या!" तेव्हापासून गाठीचं नाव तेच. खरा पुतण्या तिला मोटारसायकलवरून दवाखान्यात नेतो, मागे बसून ती छातीतल्याला शिव्या घालते, आणि तो बिचारा दर वेळी विचारतो, "आता काय केलं मी, काकी?"

सलाईन सुरू झाल्यावर एका दुपारी गेले, तर माझा हात हुंगायला कुणी आलं नाही. कुत्रे मावशीपासून लांब बसून गाठ होती त्या उजव्या कुशीकडे टक लावून पाहत होते. ती वळली, की त्यांच्या नजराही वळत. त्यातला एक खोल गुरगुरला. मी दोन पावलं मागे सरले. ती मात्र खूश. "बग, वळखलं त्यांनी."

मग ताप आला, अंगावर चट्टे उठले, गुडघे सुजले. गाठ लहान झाली होती, पण राखणदार आता चांगल्या सांध्यांवरही धावून जात होते. डॉक्टरांनी सलाईन थांबवलं आणि पेशींना शांत करायच्या गोळ्या दिल्या. "आनि मी या राखणदारांना निजवलं, नि पुतण्या उठला तर?" मावशीने मला विचारलं. मी तो प्रश्न डॉक्टरांसाठी रिपोर्टच्या मागे लिहून घेतला.

परवा गोळ्यांच्या वेळा समजावायला गेले, तर आतून तिचा आवाज येत होता. वाटलं, कुत्र्यांशी बोलतेय. पण घरात एकही कुत्रा नव्हता. मावशी भिंतीला टेकून सुजलेल्या गुडघ्यावरून हात फिरवत होती.

"गप रं बाबांनो. मी हाय. ही मीच हाय, वळखा ना."