खरखर कापणारा डबा

कोल्हारच्या कचरू पगारेंनी तीस वर्षं लोकांचा आवाज लोकांपर्यंत पोचवला. जयंती असो, लग्न असो, सोसायटीची सभा असो. कर्णे त्यांचे, वायर त्यांची. सगळ्यात मागं एक माणूस उभा करायचा, माईकसमोर घसा ताणून "हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायचं, आणि त्या लांबच्या माणसानं हात वर केल्याशिवाय माईक कुणाला द्यायचा नाही. पुढाऱ्यालाही ते थांबवत. "मागं जात न्हाई अजून. बसा जरा."

सत्त्याण्णव साली त्यांच्या बायकोचं, भिमाबाईंचं, डावं अंग लुळं पडलं. जीभ वाचली, पण आवाज धाग्याएवढा उरला. घर रस्त्याच्या अलीकडं, कचरूंची दुरुस्तीची टपरी पलीकडं, मधून मनमाडकडं जाणारे ट्रक. मुलगा महेंद्र पुण्यात कॉम्प्युटरच्या कामाला होता. त्यानं एका मित्राकडून सेट बनवून आणला. माईकचा डबा आईच्या उशाशी, स्पीकर टपरीत, मधे काहीच नाही.

"वायर कुठंय?" कचरूंनी विचारलं.

"वायर नाही बाबा, हवेतनं येतो. आत चिप आहे, तिच्यात प्रोग्राम टाकलाय. पंखा, ट्रक, खरखर, सगळं कापतो. माणसाचा आवाज तेवढा सोडतो."

"त्याला बरं कळतंय मानूस कोन ते."

"तुमच्यापेक्षा जास्त कळतं."

उशाशी वाकून कचरूंनीच हॅलो केलं, सभेत करायचे तसं. महेंद्रनं टपरीतून हात वर केला. खाटेवर भिमाबाई हसत होत्या. तू बोलून बघ, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

महिनाभर स्पीकर गप्प होता. कचरू दुपारी जेवू घालायला घरी जात आणि परत टपरीत बसत. गिऱ्हाइकांना सांगत, "आराम पडलाय तिला. हाकच न्हाई." लाल दिवा चालू, खरखर नाही. इतका स्वच्छ सेट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

मग एका सकाळी शेजारच्या रंगुबाई रस्ता ओलांडून तावातावानं आल्या.

"कचरूभाऊ, कान इकून खाल्लं का? ती खाली पडलीय तिकडं."

भिमाबाई फरशीवर होत्या. तांब्या घ्यायला गेल्या आणि घसरल्या. लुगडं भिजून अंगाला चिकटलं होतं. कचरूंनी त्यांना उचलून खाटेवर ठेवलं.

"हाक मारायची न्हाई व्हय?"

"मारली की. केव्हाची मारतीय."

"मला न्हाई आलं ऐकू."

भिमाबाईंनी उजव्या हातानं ओलं लुगडं सारखं केलं. "रोजच मारते," त्या म्हणाल्या. "तुमी जेवायच्या टायमालाच येता. म्हनलं, कटाळलं असतील."

स्पीकर मुका झाला म्हणजे कुठंतरी बिघाड आहे, हे कचरूंना तीस वर्षं ठाऊक होतं. घरातल्या मुकेपणाला त्यांनी आराम म्हटलं होतं.

एसटीडी बूथवरून त्यांनी पुण्याला फोन लावला.

"आवाज फार बारीक असला की प्रोग्रामला ती खरखर वाटते," महेंद्र म्हणाला. "चिप बदलून देतो."

"तुझ्या आईला खरखर म्हनलं त्यानं. महिनाभर."

"बाबा, मशीन आहे ते."

"मशीनच हाय. तूच म्हनत हुतास, त्याला मानूस कळतो."

नवी चिप आली. आता ट्रक, पंखा, रंगुबाईंची बकरी, सगळंच टपरीत येऊ लागलं, आणि चौथ्या दिवशी सगळंच बंद पडलं. कचरूंनी डबा फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. दोन बांबू रोवले, रस्त्यावरून वायर ओढली आणि जुना माईक खाटेला बांधला.

"आता बोल. मी पलीकडं जातो."

टपरीत ते अर्धा तास उभे राहिले. पंखा ऐकू आला. भिमाबाईंचा श्वास ऐकू आला, खोकला आला. शब्द आला नाही. ते परत घरी गेले. भिमाबाईंचे ओठ सुकून पांढरे पडले होते.

"तान न्हाई लागली?"

"लागली हुती."

"मग बोलायचं न्हाई?"

"तुमी येनारच की दुपारी."

कचरूंनी टपरीला कुलूप घातलं. कर्णे लोणी गावच्या एका माणसाला देऊन टाकले. त्यानंतर ते दिवसभर खाटेला लागून बसत, हात लांबवला की लागेल इतक्या अंतरावर. दर थोड्या वेळानं उठून पाण्याचा पेला भिमाबाईंच्या ओठाला लावत. त्या पीत. स्वतःहून त्यांनी पाणी कधी मागितलं नाही.