चौदा वेळा शांघाय

आमच्या ह्यांनी शांघाय पाहिलेलं नाही. अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या ट्रॉय गावात ही गोष्ट फक्त मला माहीत होती, आणि मी कधी तोंड उघडलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

गेले मात्र चौदा वेळा. गाड्यांचे ब्रेक बनवणाऱ्या कंपनीत मोरेश्वर क्वालिटीला होते. शांघायच्या सप्लायरकडे पार्ट तपासायला जायचे. विमानतळ, प्लांट, हॉटेल. हॉटेल, प्लांट, विमानतळ. संध्याकाळी खोलीत केटलीतलं पाणी ओतून इन्स्टंट उपमा खायचे आणि मला फोन लावायचे. "अहो, बाहेर पडा की जरा," मी म्हणायची. "पुढच्या खेपेला तुला आणतो ना," हे म्हणायचे. पुढची खेप यायची तेव्हा मी ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसत असायची. कधी मुलाची परीक्षा, कधी माझी रजा संपलेली. शेवटी हे रिटायर झाले आणि विषय मिटला. माझा राग काही मिटला नाही.

इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना यातलं काय माहीत? चौदा खेपा म्हटल्यावर ह्यांचं नाव पडलं शांघायकाका. भारतात जाताना वाटेत दोन दिवस शांघाय करायचं अशी इथे टूम निघाली आहे, आणि तिकीट काढलं रे काढलं की फोन आमच्याकडे. "काका, काय काय बघू?" सरळ सांगावं ना माणसानं, बाबा रे, मला ठाऊक नाही! छे. ह्यांनी एक्सेल शीट केली.

पहिली शीट हॉटेलच्या लिफ्टमधलं पोस्टर आठवून झाली. मग मंडळातली आश्लेषा तिकडून परत आली, ती तणतणतच. "काका, यू गार्डनला दुपारी जा म्हणालात! त्या नागमोडी पुलावर एवढी गर्दी, की पुढच्या माणसाच्या शर्टाचं लेबल वाचत पलीकडे गेले मी."

"हं," हे शांतपणे म्हणाले, "हल्ली वाढलीये." आणि ती दाराबाहेर पडते न पडते तोच शीटमध्ये दुरुस्ती: यू गार्डन, सकाळी दार उघडताच. अरुणनं सांगितलं, टूरिस्ट बोटीपेक्षा नदीवरची साधी फेरीबोट बरी, तीच नदी, तेच दिवे. ते शीटमध्ये. नीनाच्या सासूबाईंनी जेड बुद्धाच्या देवळात शाकाहारी नूडल्स शोधून काढल्या. त्याही शीटमध्ये. कुठे कमोड आहे आणि कुठे उकिडवं बसावं लागतं, याचा निराळा कॉलम, गुडघेवाल्यांसाठी लाल रंगात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. पण खोटं का बोलू, शेळ्या अगदी वेळेवर पोचायच्या. शीटची एकतिसावी आवृत्ती झाली होती!

मार्चमध्ये अवधूत आला. हा नागपूरचा, मंडळाचा सेक्रेटरी. चहा गाळेपर्यंत त्याच्या तीन योजना सांगून होतात. "काका, ग्रुप ट्रिप करतोय आपण शांघायची. सोळा जण. लीडर तुम्ही!"

ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, माझा गुडघा…"

"टेन्शन नका घेऊ न काका, व्हीलचेअर घेऊन टाकू."

तो गेला आणि ह्यांनी जेवण सोडलं. "शुभा, मेट्रोतून बाहेर आल्यावर मी डावीकडे वळतो की उजवीकडे, हे सोळा जण बघणार. माझं पितळ उघडं पडणार."

"मग सांगून टाका खरं."

"आणि मंडळात तोंड कसं दाखवू? वीस वर्षं काका काका करतात सगळे!"

मग तालीम सुरू झाली. हॉलच्या मधोमध उभं राहायचं आणि हात पसरायचे. "हा बंड, म्हणजे नदीकाठचा रस्ता. ही समोर नदी. म्हणजे टॉवर येतो सोफ्याच्या मागे."

"तिथे कपाट आहे," मी म्हटलं. "सोळा माणसं मावणार नाहीत."

हसत होते खरी, पण माझी चांगलीच पंचाईत झाली होती. मला जायचं होतं हो! आणि ह्यांची फजिती मला बघवली नसती.

मीटिंग रविवारी दुपारी आमच्याच घरी ठरली. मिसळ केली होती. अवधूतनं शीट टीव्हीवर लावली आणि हे रिमोट घेऊन उभे राहिले, क्वालिटी रिव्ह्यू चालल्यासारखे. बंड झाला, नानजिंग रोड झाला. घडाघडा! मला वाटलं, निभावलं.

तेवढ्यात अवधूतची बायको नेत्रा म्हणाली, "काका, शीट राहू द्या. तुमचं स्वतःचं फेवरेट कुठलं?"

ह्यांनी रिमोट टीपॉयवर ठेवला, चष्मा काढला. गेलं, संपलं, मी मनात म्हटलं.

"हॉटेलच्या मागे एक बाग आहे," हे म्हणाले. "नाव ठाऊक नाही. संध्याकाळी सातला तिथे नवरा-बायको यायचे, बहुतेक पन्नाशी-साठीचे. कुणीतरी स्पीकर आणायचं. भाजीच्या पिशव्या झाडाला अडकवायच्या आणि जोडीनं नाचायचं. अकराव्या मजल्यावरून छान दिसायचं. रोज बघायचो."

"मग तुम्ही खाली नाही गेलात?"

"एकटा जाऊन काय करू? शुभा इथे होती ना."

ह्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाकी मी काहीच पाहिलेलं नाही. बंड नाही, टॉवर नाही. ही आली की दोघं मिळून बघू, म्हणून ठेवलं होतं. ते राहूनच गेलं. शीटमधलं सगळं तुम्हीच येऊन सांगितलेलं आहे."

आश्लेषानं चमचा खाली ठेवला. "म्हणजे काका, पुलावर गर्दी हल्ली वाढलीये म्हणालात, ते?"

"अंदाजे."

असे हसले सगळे, की अरुणला मिसळीचा ठसका लागला. मला मात्र हसू येईना. इतकी वर्षं मी समजत होते, ह्यांना मेला कंटाळा, ह्यांना हौसच नाही. चौदा खेपांचा राग जपून ठेवला होता मी. माणूस खिडकीत उभा राहून माझी वाट बघत होता, आणि मी इथे बर्फ उपसताना त्याला नावं ठेवत होते! डोळे भरून आले तसं मी उठले आणि उगाचच कटाचं पातेलं गॅसवर चढवलं.

अवधूत डोकं खाजवत आत आला. "काकू, मग आता लीडर कोण?"

"तूच हो," मी म्हटलं. "नेशील तिकडे येऊ आम्ही. हॉटेल मात्र ह्यांचंच बुक कर. आणि संध्याकाळी सातला आम्हा दोघांना कुणी शोधायचं नाही."