सुनेसाठी धरलेली खुर्ची

विद्यापीठाच्या ग्रंथालयात बॅग ठेवून जागा अडवायला बंदी होती. तसा फलक लावलेला होता, पण फलकापेक्षा मामांचा धाक मोठा. मामा म्हणजे वाचनकक्षाचे शिपाई. टेबलावर नुसती बॅग दिसली की ते ती काखोटीला मारत आणि दाराशी नेऊन ठेवत. बॅगेचा मालक चहा पिऊन परत येईपर्यंत त्याच्या खुर्चीवर दुसरं कोणीतरी मान खाली घालून बसलेलं असायचं. भांडायचीही सोय नव्हती, कारण आत बोलायला बंदी होती.

परीक्षा जवळ आल्या की या वाचनकक्षात मुंगी शिरायला जागा उरत नसे. मुलं जिन्यात बसत, कपाटांच्या मधल्या बोळांत मांडी घालून बसत, आणि ज्यांना तेही मिळत नसे ती भिंतीला टेकून उभी राहत. कोणी वही मिटली की चारपाच माना त्या दिशेला वळत. वही मिटणारा नुसताच डोळे चोळत असेल, तर त्या माना निमूट परत फिरत.

अशा गर्दीत भिंतीकडच्या टेबलाशी एक म्हातारी रोज सकाळी येऊन बसायची. उभी हयात तिने कपड्यांच्या कारखान्यात शर्टांना काजं करण्यात घालवली होती. त्यामुळे गल्लीत तिला काजवाली म्हणत. ग्रंथालयात ती नुसती आजी होती. साठीपुढच्या माणसांना विद्यापीठाने वाचनाचं कार्ड दिलं होतं. ते काढणारी बहुधा ती एकटीच असावी. पहिल्या दिवशी मामांनी ते कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं होतं.

"आजी, काय वाचणार?"

"तुम्ही द्याल ते," ती म्हणाली होती. "जाड असू दे म्हणजे झालं."

ती वाचायला आलेली नव्हती, हे मामांना आठवडाभरात कळलं. ती आपल्या सुनेसाठी खुर्ची धरून बसायची. पण नियम बॅगेचा होता, माणसाचा नव्हता. त्यामुळे मामांना काही बोलता येईना, आणि पुढे पुढे बोलावंसंही वाटेना.

सून म्हणजे तिच्या थोरल्या मुलाची बायको. थोरला पुलाच्या कामावरून पडून गेला, तेव्हा लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती. सुनेला न्यायला माहेरची माणसं आली. सामान बांधून झालं होतं. निघताना सून पाया पडायला वाकली, आणि काजवालीच्या तोंडून निघून गेलं, "राहतेस का गं?" तिने हे बोलायचं ठरवलं नव्हतं. सून वाकलेली तशीच खाली बसली आणि रडायला लागली. माहेरची माणसं तिच्याशिवाय परत गेली.

मग केव्हातरी कळलं, की लग्नाआधी तिचं कॉलेज शेवटच्या वर्षावर सुटलं होतं. विषय गणित.

"गणितात शेवटचं वर्ष असतं होय?" काजवालीने विचारलं. "मला वाटलं पाढे संपले की गणित संपलं."

सून त्या दिवशी हसली. मुलगा गेल्यानंतर पहिल्यांदाच. म्हातारीने तेव्हाच मनाशी पक्कं केलं, की ही पोर परीक्षेला बसणार.

पण बसणार कुठे? घर म्हणजे एक खोली आणि मोरी. त्यात धाकटा मुलगा, त्याची बायको आणि त्यांची दोन पोरं. टीव्ही बंद झाला तर पोरं सुरू होत, पोरं निजली तर भांडी. सून पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून गणितं सोडवायची आणि धाकट्याची बायको म्हणायची, "वहिनी, जरा उठता का, पेटीतून चादर काढायचीय." तिचंही चुकत नव्हतं. चादर पेटीतच होती.

म्हणून ग्रंथालय. पण सून पहाटेपासून दूध केंद्रात पिशव्या भरायच्या कामावर असे. तिथून सुटून येईपर्यंत दुपार व्हायची आणि वाचनकक्ष सकाळीच भरलेला असायचा. पहिले काही दिवस ती भिंतीला टेकून उभी राहिली. उभ्याने वाचता येतं, पण गणित उभ्याने होत नाही, त्याला कोपर टेकायला जागा लागते. घरी येऊन ती पाय चोळत बसली, तेव्हा काजवालीने विचारलं, "तिथे म्हाताऱ्या माणसाला येऊ देतात का गं?"

तेव्हापासून हा परिपाठ सुरू झाला. दार उघडायच्या आधी ती रांगेत उभी राहायची. दुपारी सून आली, की म्हातारीने उठायचं आणि त्याच झोक्यात सुनेने बसायचं. मध्ये श्वासभर अंतर पडलं तर दुसरं कोणी टेकायची भीती. समोर बसणारी एक चष्मेवाली मुलगी होती, डॉक्टरकीच्या अभ्यासाची. ती हे पाहून दर वेळी तोंडावर वही धरून हसायची.

"आजी, तुम्ही कितव्या वर्षाला?" तिने एकदा हळूच विचारलं.

"मी शेवटच्याच म्हणायची," म्हातारी म्हणाली. "किती वर्षं शेवटचं आहे ते देवाला माहीत."

मामांनी दिलेलं जाड पुस्तक पाण्यातल्या माशांवरचं होतं. शाळा लवकर सुटलेली, पण अक्षराला अक्षर जोडून तिला वाचता यायचं. वेळ घालवायला म्हणून तिने ते उघडलं आणि हळूहळू गुंतत गेली. संध्याकाळी सून घरी आली की ती सांगायची, "अगं, माशांना पापण्या नसतात म्हणे. झोपतात कसे मेले?" सून पोळपाटावरची नजर न उचलता म्हणायची, "आई, तुम्ही माझ्याआधी पास व्हाल." मग दोघी हसायच्या. धाकट्याची बायको विचारायची, काय झालं. काही नाही, असं दोघी एकदम म्हणायच्या.

हे दिवस काजवालीला फार आवडले. मुलगा गेल्याचं दुःख कमी झालं नव्हतं, पण सकाळी उठल्यावर जायला ठिकाण होतं, आणि आपण तिथे वेळेवर गेलो नाही तर कुणाचं तरी अडेल, ही भावना तिला कारखाना सुटल्यापासून मिळाली नव्हती.

पहिला पेपर सोमवारी होता. आदल्या शनिवारी ती नेहमीप्रमाणे रांगेत उभी राहिली, खुर्ची धरली, पुस्तक उघडलं. पान उलटताना तिला जाणवलं, की उजव्या हाताची बोटं कागद नीट पकडत नाहीत. मुंग्या आल्यासारखं वाटत होतं. तिने हात मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने चोळला. बसून बसून अवघडला असेल. काजं करतानाही हात असाच बधिर व्हायचा.

थोड्या वेळाने अक्षरं एकमेकांत मिसळू लागली. तिने पुस्तक मिटलं. त्याबरोबर भिंतीकडून दोन माना वळल्या. तिने पुस्तक परत उघडलं.

चष्मेवालीचं लक्ष गेलं. "आजी, बरं वाटत नाही का? तोंड असं काय झालंय? बाहेर चला, मी येते बरोबर."

"न... नको." जीभ जड झाली होती. शब्द तोंडातल्या तोंडात घसरत होते.

"अहो, तुमचा हात पाहू. उचला बरं."

म्हातारीने डावा हात उचलून दाखवला आणि हसली. मुलीला उजवा हवा होता, हे तिला कळलं होतं.

"मी मामांना बोलावते."

तेव्हा काजवालीने तिचं मनगट धरलं. डोळ्यांनीच खुर्ची दाखवली, मग दाराकडे पाहिलं. दुपार व्हायला फार अवकाश नव्हता. सून येईल, बसेल, मग आपण काय वाटेल ते करू. आता उठलो तर ऐन मोक्याच्या दिवशी तिला कोण जागा देणार? पोर पुन्हा पेटीवर वही ठेवून बसेल. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

मुलगी घोटाळली. ती डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षाला होती. आपल्याला वाटतं तसं नसेलही, असं तिला वाटलं. आणि म्हातारीची पकड डाव्या हाताची असली तरी घट्ट होती.

त्या दिवशी दूध केंद्रात पुढच्या पाळीची बाई उशिरा आली. सुनेला निघता आलं नाही. ती धावतपळत वाचनकक्षात शिरली, तेव्हा म्हातारी टेबलाची कड धरून ताठ बसली होती. सुनेला पाहताच ती उठली. उठली म्हणजे उठायला गेली. उजवा पाय तिथे नव्हताच जणू. ती खुर्ची आणि टेबल यांच्यामध्ये कोसळली, आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच कोणीतरी मोठ्याने ओरडलं. ती सून होती.

मामांनीच म्हातारीला उचलून खाली आणलं.

इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलं, "हे सुरू कधी झालं?"

सुनेने चष्मेवालीकडे पाहिलं. मुलगी रडत म्हणाली, "सकाळीच. मी चला म्हणत होते. त्या खुर्ची सोडेनात."

"लगेच आणलं असतं तर बरंच काही करता आलं असतं," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या खाटेकडे गेला.

काजवालीला सगळं ऐकू येत होतं आणि समजतही होतं. तिची उजवी बाजू गेली होती, आणि बोलायला गेलं की भलताच शब्द बाहेर पडत होता. सून खाटेच्या कडेला बसली. लग्न होऊन आल्यापासून ती सासूला अहोजाहो करत आली होती.

"का गं बसून राहिलीस, आई?" ती म्हणाली. "मी उभ्याने केलं असतं. नसतं केलं तरी काय आभाळ कोसळलं असतं? मला तू हवी होतीस ना. खुर्ची काय करायचीय मला?"

म्हातारीने सगळा जीव गोळा केला. तिला म्हणायचं होतं, जा. सोमवारी पेपर आहे, इथे बसू नकोस, जा. तिने तोंड उघडलं.

"ये," ती म्हणाली.

सून जवळ सरकली. "आहे मी. इथेच आहे."

"ये. ये."

जितक्या जोराने ती म्हणू पाहत होती, तितक्या जोराने तोच शब्द बाहेर येत होता. तिने डाव्या हाताने दाराकडे दाखवलं. सुनेने तो हात धरून आपल्या गालाला लावला. "कुठे जात नाही मी, घाबरू नकोस." म्हातारीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. सुनेने ते पुसलं, आणि ती आणखी जवळ येऊन बसली.

सोमवार तसाच गेला, नंतरचे पेपरही गेले. धाकट्याची बायको इस्पितळात डबा आणून द्यायची. ती एकदा म्हणाली, "वहिनी, मी थांबते इथे, तुम्ही जाऊन या परीक्षेला." काजवाली उशीवर मान हलवत राहिली. होय, होय. पण तिची मान हल्ली उगाचच हलायची, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. सून म्हणाली, "मी उठले की त्या ये ये करतात. कशी जाऊ?"

घरी आणल्यावर पेटीच्या जागी खाट आली आणि पेटी खाटेखाली गेली. सुनेने दूध केंद्रातली पहाटेची पाळी सोडून संध्याकाळची घेतली, म्हणजे दिवसभर तिला म्हातारीजवळ राहता येईल. ती तिला न्हाऊ घालायची, कूस बदलून द्यायची, चमच्याने भरवायची. कपाळावर कधी आठी आली नाही. काजवालीला वाटे, एकदा तरी हिने चिडावं, आदळआपट करावी, म्हणजे आपल्याला जरा हलकं वाटेल.

पुढच्या वर्षी परीक्षांचे दिवस आले तेव्हा चष्मेवाली भेटायला आली. ती मधूनमधून यायची. काजवालीचा हात हातात घेऊन बोटं हलतात का पाहायची, आणि नाही हलली तरी "छान आहे, सुधारतंय," म्हणायची. त्या दिवशी ती सुनेला म्हणाली, "ताई, यंदा द्या ना परीक्षा. वरच्या मजल्यावर नवा हॉल केलाय. मुबलक टेबलं आहेत. आता कधीही आलं तरी जागा मिळते."

सून खालच्या पेटीतून पुस्तकं काढायला वाकली. "ही ने तू," ती म्हणाली. "तुझ्या ओळखीत कोणी गणितवालं असेल तर दे. इथे दमट हवेने खराब होतायत."

"अहो, पण..."

"ने गं. गणित कुठे पळून जातंय का?" सून हसली. हसायचं म्हणून हसली.

काजवालीने डावा हात खाटेबाहेर काढला. पुस्तकं मुलीच्या हातात गेली होती. तिने हवेत हात हलवला, घशातून आवाज काढला. "ये! ये!"

"आले, आले," म्हणत सून वळली. उशी सरळ केली, पाण्याचा पेला ओठांशी धरला. म्हातारीने ओठ मिटून घेतले. पाणी हनुवटीवरून गळ्यात ओघळलं. सुनेने ते रुमालाने टिपलं आणि मुलीला म्हणाली, "बस ना, चहा टाकते."

मुलगी पुस्तकं छातीशी धरून तशीच उभी होती. तिने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारी तिच्याकडेच पाहत होती, अगदी लख्ख नजरेने. मुलीच्या चेहऱ्यावर काहीतरी येऊन गेलं. कदाचित तिला उमगलं असेल.

"ताई," ती म्हणाली, "आजींना... मला वाटतं, त्यांना वेगळंच काहीतरी म्हणायचंय."

"ठाऊक आहे गं मला," सून म्हणाली. चहाचं आधण ठेवत होती, पाठ वळलेली होती. "पहिल्याच दिवशी ठाऊक होतं. पण त्यांना एकटं टाकून मी पेपर सोडवू शकले नसते. त्यांना नाही, मलाच यायचं होतं जवळ."

काजवालीने डोळे मिटून घेतले. धाकट्याची पोरं बाहेर दारात गोट्या खेळत भांडत होती. सुनेने चहा गाळला, एक कप मुलीला दिला, आणि बशीत फुंकर घालत खाटेच्या कडेशी येऊन बसली.