डावा रांजण

मनकर्णाच्या घरातून सगळ्यात आधी गेलं ते जातं. लग्नानंतर भातकुलीहून निघताना तिच्या आईनं बैलगाडीत तिच्या पायाशी ठेवलेलं, डाळ भरडायचं लहानसं जातं. बासष्ट सालच्या एका रविवारी ती राजापेठेतून भाजी घेऊन आली, तर नवरा ओसरीवर मांडी घालून बसलेला, आणि जात्याचा वरचा दगड सायकलच्या चाकाच्या मधल्या हबवर बसवत होता.

"हे काय करून राह्यले?" तिनं विचारलं.

"तबकडीखाली जड पाह्यजे. हलकं असलं का गाणं डगमगते. दगड एकडाव फिरला का एकसारखा फिरते."

"अन् डाळ कायनं भरडू?"

"गावातल्या चक्क्या बंद पडल्या का?" देवमन मान वर न करता म्हणाला.

देवमन कापसाच्या जिनिंग मिलमध्ये फिटर होता. मिलच्या मागच्या चाळीत त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या आणि खोलीत वीज होती. हात असा, की बंद पडलेलं कुठलंही यंत्र त्याच्यापुढे ठेवावं आणि चहा पिऊन यावं. दुकानातला तयार ग्रामोफोन त्याला नको होता. अकोल्याच्या एका रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे त्यानं लाकडी पेटीत बंद असलेला असला बाजा पाहिला होता आणि नाक मुरडलं होतं. "एक बिघडलं का सारी पेटी उघडा. माह्यं येगळं राहीन. फिरवायचं येगळं, आवाज वाढवायचं येगळं, बोलायचं येगळं. मधात फक्त तारा. जे बिघडलं थेच काढायचं."

बोलणं खरं होतं. फक्त प्रत्येक सुटा भाग मनकर्णाच्या संसारातून निघत होता. पिठाचा डबा कापून त्यात भंगारातल्या रेडिओचे काचेचे वॉल्व्ह बसले. सुईचा हात छत्रीच्या काडीचा झाला. फिरवायला टेबलफॅनची मोटर आली आणि मोटरीपासून दगडापर्यंत पट्टा लागला, तो तिच्या शिलाईच्या मशीनचा. वस्तीतल्या बायकांची पोलकी शिवून ती घराला हात देत होती. पट्टा गेला आणि मशीनवर कपड्यांचं गाठोडं ठेवायला सुरुवात झाली.

शेवटी रांजण गेला. तोही मे महिन्यात, दुपारी चाळीचे पत्रे तडतडत असताना. देवमननं त्यातलं पाणी मोरीत ओतून दिलं, बुडाशी हळूहळू कानशीनं भोक पाडलं आणि तोंडाशी स्पीकर बसवला. त्या उन्हाळ्यात मनकर्णा चार वर्षांच्या शालूला घेऊन शेजारच्या दुर्गाबाईंकडे पाणी प्यायला जायची. तिसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी आपणहून एक मडकं दिलं. देवमननं ते बोटानं वाजवून पाहिलं आणि पातळ आहे म्हणून सोडून दिलं.

एकदाच तिनं पट्टा परत घेतला. दुर्गाबाईंच्या मुलीचं लग्न होतं आणि पोलकं द्यायचंच होतं. देवमन कामावरून आला तेव्हा ती शेवटची बाही जोडत होती. त्यानं मशीनवरून पट्टा उतरवला, दोनदा तिच्या पाठीवर ओढला आणि तोच पट्टा मोटरीला चढवला. मग सुई टेकवली. दुसऱ्या दिवशी बुद्धजयंती होती. सारी वस्ती अंगणात सतरंज्या टाकून ऐकायला बसली. रांजणातून आवाज असा भरदार निघत होता, की म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

"देवमन, तुह्या हातात जादू हाये," कोणीतरी म्हणालं.

दुर्गाबाईंनी मनकर्णाच्या पाठीवरचा पदर नीट केला. वळ झाकला गेला. मनकर्णाला सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटलं, की आवाज खरोखरच चांगला होता.

पुढं चार वर्षांनी देवमनला नवं वेड लागलं. अकोल्याचा तो दुरुस्तीवाला म्हणाला होता, आता दोन स्पीकरांतून वेगवेगळा आवाज देणाऱ्या तबकड्या आल्या. एका बाजूनं पेटी, दुसऱ्या बाजूनं गाणारा. देवमननं तसली सुई मिळवली, तसली एक तबकडीही आणली. पिठाचा दुसरा डबा कापला, दुसरा रांजण आणला. एक उजव्या भिंतीशी, एक डाव्या. सगळ्या तारा जोडून झाल्यावर तो बरोबर मधोमध बसला आणि त्याचा चेहरा उतरला; त्याच्या कानी फक्त उजवीकडची पेटी येत होती.

त्यानं डावा स्पीकर उजवीकडे लावून पाहिला. तारा बदलल्या. पुन्हा मधोमध बसला. मग उजव्या कानात बोट घातलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला.

मनकर्णा चुलीपुढून पाहत होती. तिला ते वर्षभर आधीच कळलं होतं. डाव्या अंगानं हाक मारली तर तो ओ देत नव्हता. वीस वर्षं जिनच्या खडखडाटात डावं अंग यंत्राकडे करून उभं राहिलेल्या माणसाचा कान जाणारच होता. पण हे त्याला स्वतःला कबूल नव्हतं, म्हणून उजवा कान डाव्या रांजणाला लावून पाहायचंही तो टाळत होता, आणि मिलमध्ये कळलं तर त्याला यंत्रावरून काढलं असतं.

"अवं," तो म्हणाला, "इकडं ये. डाव्या रांजनातून आवाज येते का, आयक."

लग्नाला बारा वर्षं झाली होती. त्यानं तिला काही विचारण्याची ही पहिली वेळ. ती पदराला हात पुसत आली, मधोमध बसली. उजवीकडून पेटी वाजत होती. डावीकडून एक बाई गात होती, इतकी स्वच्छ, इतकी जवळ, की तिचा श्वास ऐकू येत होता.

"नाई," मनकर्णा म्हणाली.

"बिलकुल नाई?"

"पेटी वाजून राह्यली. बाकी काई नाई."

त्यानं तेव्हाच डबा उघडला. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर पुन्हा. रोज विचारायचा, "आता?" कधी ती नाही म्हणायची, कधी म्हणायची, "येते, पण फाटकं येते." त्यानं वॉल्व्ह बदलले, तारा बदलल्या, स्पीकरचा कागद फाडून नवा चिकटवला. चांगला रांजण फोडून दुसरा आणला. आठ वर्षांची शालू एकदा म्हणून गेली, "येते ना बाबा, बाई गाते ना."

देवमननं चमकून बायकोकडे पाहिलं.

"तिले काय समजते आवाजातलं," मनकर्णा शांतपणे म्हणाली. "थे उजवीकडचंच आयकून राह्यली."

आणि त्याचा विश्वास बसला. हिनं आजवर त्याच्या बाजाची कधी खोटी तारीफ केली नव्हती. बाकी वस्ती तोंडदेखलं बोलेल, ही बोलणार नाही, असं त्याला वाटलं. शालूला मात्र मनकर्णानं मोरीत नेऊन दंडाला असा चिमटा काढला, की पोरगी पुन्हा त्या खोलीत ऐकायला बसली नाही.

बाजा कायम उघडा पडलेला, म्हणून माणसं यायची थांबली. देवमनची झोप गेली, जेवण गेलं. मिलमध्ये हात चुकायला लागला आणि एक बोट पेरापासून गेलं. मनकर्णानं ते बांधलं, त्याला भरवलं, आणि संध्याकाळी त्यानं "आता?" म्हटल्यावर पुन्हा "नाई" म्हटलं. रोज तिला वाटायचं, आज सांगून टाकावं. रोज तो प्रश्न विचारायचा आणि तिच्या तोंडून तोच शब्द निघायचा. त्यातलं सुख केव्हाच संपलं होतं.

अडुसष्टच्या दिवाळीपर्यंत उजवा कानही गेला. मिलनं त्याला घरी बसवलं. मनकर्णानं उसनवारीवर नवा पट्टा आणला आणि पोलकी शिवायला लागली.

एका सकाळी देवमननं तबकडी लावली, उठून डाव्या रांजणाशी गेला आणि त्याच्या पोटावर तळहात ठेवला. तसाच उभा राहिला. मग सावकाश दुसरा हातही ठेवला. रांजण त्याच्या हाताखाली थरथरत होता.

"वाजते," तो मोठ्यानं म्हणाला. आता तो सगळंच मोठ्यानं बोलत असे. "मनकर्णा, हे तं वाजते. कवापासून?"

तिनं मशीन थांबवलं. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"पयल्या दिवसापासून," ती म्हणाली. "मी खोटं बोलत होती."

तो तिच्या ओठांकडे पाहत राहिला.

"काय म्हंतं?"

तिनं पुन्हा सांगितलं, तितक्याच आवाजात. शालूला लिहिता येत होतं, पाटी कोनाड्यात होती. मनकर्णानं पाटीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे पाहून दोन्ही हात हलवले, नाही, काही नाही म्हणून.

देवमननं मान डोलावली. "म्हंजे मलेच भास होते," तो म्हणाला, आणि पेचकस घेऊन डाव्या डब्याशी बसला.

ती मशीनवर परत गेली. तबकडी फिरत होती, आणि डावीकडून ती बाई गात होती.