शेवटचा नंबर

घाटातल्या वळणावर आमची जीप कलंडली. रुग्णवाहिकेतून आलेल्या डॉक्टरबाई प्रत्येकाला तपासून, कुणाला आधी न्यायचं ते ठरवत होत्या. माझ्याशेजारी एक सासू आणि सून बसल्या होत्या.

“माझं राहू द्या, आधी हिला बघा,” सासू म्हणाली.

“आईंचा गुडघा सुजलाय, आधी त्यांना,” सून म्हणाली.

डॉक्टरबाईंनी दोघींना नीट तपासलं आणि हसून म्हणाल्या, “दोघींना फक्त खरचटलंय. तुमचा नंबर शेवटी.” मग पाय मोडलेल्या ड्रायव्हरला त्यांनी आधी नेलं.

एरवी साध्या रांगेतही पुढे घुसणारी आपण माणसं. नंबर शेवटचा लागला म्हणून आनंदलेले चेहरे मी त्या दिवशीच पाहिले. सून सासूच्या केसांतली माती झटकत होती, आणि सासू “पुरे गं” म्हणत मान आणखी पुढे करत होती.